हिरवा चौकोन

२४ सप्टेंबर, बुधवार

वादळाचं इंजिन बदललं, नावही गेलं, तर ते वादळ तेच राहतं की दुसरं होतं? मला माहीत नाही. एम.एस्सी. झाले, तीन वर्षं हेच काम करते, आणि आज जेवताना बाबांनी विचारलं तर घास हातात धरून बसले!

अटलांटिकमध्ये एक वादळ आहे. ऑफिसात आम्ही त्याला नुसतं ‘एन’ म्हणतो. बाबांना सांगत होते की एन आता गरम पाणी सोडून उत्तरेकडे वळेल. चक्रीवादळ गरम समुद्रावर जगतं, गार पाण्यावर गेलं की मरायला हवं. पण कधी कधी मरत नाही. वरच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांत सापडतं. एका अंगाला गार हवा, दुसऱ्या अंगाला त्याने स्वतः आणलेली दमट गरम हवा, आणि या फरकावर ते नव्याने चालू लागतं. आधीपेक्षा जास्त पसरतं. मग स्कॉटलंड, नॉर्वे, तिकडे जाऊन आदळतं.

बाबा म्हणाले, “म्हणजे पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. नंबरप्लेटही काढली. मग गाडी तीच की दुसरी?”

शारजाच्या गॅरेजात सत्तावीस वर्षं गाड्या उघडणारा माणूस! मी म्हणाले, “तज्ज्ञांमध्येही मतभेद आहेत.”

“म्हणजे तुला येत नाही,” आई म्हणाली, आणि भाजी वाढली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज सिद्धांत सरांशी पुन्हा वाजलं. डोकं अजून तापलेलं आहे.

कारण तोच चौकोन. आम्ही जहाजांना हवामानाचा सल्ला देतो, आमचं बुलेटिन एका पानाचं. वर ओळ असते — ‘सक्रिय चक्रीवादळे’. तिथे नाव लिहायचं, नसेल तर ‘निल’. खाली वाऱ्याचा तक्ता. त्याखाली शेरा. कोपऱ्यात चौकोन: हिरवा म्हणजे निघा, पिवळा म्हणजे थांबून विचार करा, लाल म्हणजे बंदर सोडू नका. रंग कॉम्प्युटर ठरवतो. वर निल, तक्त्यात वाऱ्याचा जोर बारापैकी आठच्या खाली आणि शेरा कोरा असेल तर हिरवा. शेऱ्यात एक शब्द जरी लिहिला तरी पिवळा.

हे टेम्प्लेट अरबी समुद्रासाठी केलेलं. इथलं वादळ ओमानच्या डोंगरांवर चढलं किंवा वाळवंटाची कोरडी हवा त्याच्या पोटात गेली की संपतं. खरंच संपतं. दोन वर्षांपूर्वी युरोपची गिऱ्हाइकं आली तेव्हा काय केलं? वरचं शीर्षक बदललं आणि तेच टेम्प्लेट उत्तर अटलांटिकला लावलं! एकाच्या मापाचा सदरा दुसऱ्याच्या अंगात!

मी म्हणाले, “सर, तिकडे नाव जातं तेव्हा वादळ जात नाही. निदान ‘अवशेष’ म्हणून एक रकाना करू या.”

“अवशेष? हडप्पा खणतेयस का?” सगळे हसले. मग आवाज खाली आणून, “वैभवी, क्लायंटला हो की नाही एवढंच हवंय. एका महिन्यात अकरा पिवळे दिलेस तू. रिन्यूअल तोंडावर आहे. ते मला विचारतात, तुमच्याकडची ही पिवळी मॅडम कोण?”

पिवळी मॅडम! दिवसभर तेच चाललं होतं. कशफसुद्धा! कराचीची, माझ्या शेजारी बसून अरबी समुद्राचे नकाशे बघते. डबा उघडला तर म्हणते, “पीली मैडम, आज हल्दी ज़्यादा है क्या?”

राग याचा जास्त की सर मूर्ख नाहीत. नकाशा वाचायला त्यांनीच शिकवलं मला. मुलाखतीत बाकीचे माझ्या कॉलेजचं नाव ऐकून गप्प झाले होते, यांनी एकट्याने प्रश्न विचारले. त्यांना सगळं कळतं. कळूनही!

२६ सप्टेंबर, शुक्रवार

रामचंद्रची मेल. हा देवगडचा, लाकूड वाहणाऱ्या एका लहान जहाजावर सेकंड ऑफिसर. कधी भेटलो नाही. बुलेटिनखाली माझं नाव बघून गेल्या हिवाळ्यात त्याने इंग्रजी मेलच्या शेवटी एक मराठी ओळ घातली होती: “मॅडम, इथे आज सूर्य सव्वातीनला मावळला. कमाल आहे.” तेव्हापासून प्रत्येक मेलमध्ये एक ओळ मराठी असते.

आजची: “एनचं काय? सोमवारी नॉर्वेहून निघायचं म्हणतात. डेकवर दोन पुरुष उंच लाकूड रचलंय.”

लिहिलं — सोमवारी सकाळी नक्की सांगते.

२८ सप्टेंबर, रविवार

सुट्टी. तरी चार वेळा नकाशे बघितले. आई म्हणाली, “एकदाचं लग्नच लाव त्या एनशी!”

२९ सप्टेंबर, सोमवार

अमेरिकेच्या चक्रीवादळ केंद्राने एनवरचं शेवटचं पत्रक काढलं. आता ते चक्रीवादळ नाही, पुढची पत्रकं येणार नाहीत.

आमच्याकडे एक रीत आहे. शेवटचं पत्रक आलं की सर पांढऱ्या फळ्यावरून त्या वादळाचं लोहचुंबक काढतात, “खलास!” म्हणून ओरडतात आणि खालच्या कॅफेटेरियातून सगळ्यांना करक, म्हणजे इथला दाट दुधाचा, चहा येतो. अरबी समुद्राच्या वादळांना मीही टाळ्या वाजवल्यात. पण आज एनचं चुंबक काढलं तेव्हा एन आयर्लंडच्या पश्चिमेला होतं आणि आकाराने दुप्पट झालं होतं!

वरच्या ओळीत ‘निल’ लिहिलं. नियम आहे. मुख्य मॉडेलमध्ये वारा सात, वादळ बरंच उत्तरेकडून जाणार. पण पन्नास वेगवेगळ्या शक्यता चालवून बघितल्या तर त्यातल्या बारा त्याला दक्षिणेला आणत होत्या. थेट जहाजाच्या वाटेवर, वारा दहा. म्हणून शेरा लिहिला — ‘एनचे अवशेष पश्चिमी वाऱ्यांत शिरत आहेत. पुढील छत्तीस तासांचा अंदाज भरवशाचा नाही. निघू नये.’ चौकोन पिवळा झाला.

सर चहाचा कप घेऊन खुर्चीमागे येऊन उभे राहिले. वाचलं. “पन्नासात बारा? म्हणजे अडतीस म्हणतायत काही होणार नाही. वैभवी, यल्ला, आटप! जहाज बंदरात उभं राहिलं की फोन मला येतो. काढ तो निबंध.”

मी वाद घातला. घातला! दोन मिनिटं तरी. सगळे बघत होते.

शेरा गेला. चौकोन हिरवा झाला. दहा वाजून वीस मिनिटांनी बुलेटिन गेलं.

चहा मीही प्यायले.

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी सहाला स्क्रीन उघडली. एन खोल झालंय, म्हणजे जोर वाढलाय, आणि दक्षिणेकडून येतंय. त्या बारांपैकीच!

जहाज काल संध्याकाळीच निघालं. लाल बुलेटिन पाठवलं, वर वाट बदलायचा निरोप. सरांनी स्वतः सॅटेलाइट फोन लावला, चार वेळा. दुपारी रामचंद्रचं उत्तर आलं, नुसतं मराठीत: “उशीर झाला मॅडम. लाटेकडे तोंड करून उभे आहोत.”

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. दुपारी घरी आले तर पाटावर बाबांचे पाने, टॉर्चलाइट, आईची विळी आणि मधोमध रिकामी जागा. “लॅपटॉप ठेव,” आई म्हणाली, “घरातलं पहिलं शिकलेलं शस्त्र!” तिने त्यावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. बाबा हात जोडून उभे.

आणि तेवढ्यात माझ्या फोनवर कशफचा मेसेज. डेकवरच्या लाकडाचे साखळदंड तुटले. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, विजयकुमार, दोन माणसांना घेऊन ते आवळायला बाहेर गेला होता. ओंडके त्याच्या पायावर आले. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर पाच तास निघू शकलं नाही. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

आई म्हणत होती, “नमस्कार कर ना. काय झालं? नमस्कार कर.”

मी फूल उचलून फेकलं. आईला काही कळेना. मला तिला सांगता येईना.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आई कुठून तरी आपट्याची पानं घेऊन आली, सगळ्या मजल्यावर सोनं वाटलं. मी कुणालाही “सोन्यासारखे राहा” म्हणाले नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

जहाजाच्या विमा कंपनीचं पत्र आलंय. ‘ड्यूटीवरील हवामानतज्ज्ञास’ — म्हणजे मलाच. दोन प्रश्न: २९ तारखेला एनबद्दल तुम्हाला काय माहीत होतं? बुलेटिनच्या मसुद्यात पाठवला न गेलेला काही शेरा होता का?

सरांनी आणि मॅनेजरने मला काचेच्या खोलीत बोलावलं. उत्तर आधीच टाइप केलेलं! ‘उपलब्ध माहितीनुसार एनपासून कोणताही उर्वरित धोका दिसला नाही. कोणताही शेरा लिहिला गेला नव्हता.’ खाली माझं नाव आणि सहीची रेघ.

“हे खोटं आहे,” मी म्हणाले.

“खोटं काय त्यात?” सर म्हणाले. “गेलेल्या बुलेटिनमध्ये शेरा नव्हता. ‘निल’ तूच लिहिलंस.”

“शेरा होता! तुम्ही काढलात!”

“मी?”

माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला! मग मॅनेजर म्हणाला, “देखो बेटा, कंपनी है तो वीज़ा है. बुधवार दोपहर तक सोच लो, इन्शाल्ला सब ठीक हो जाएगा.” बेटा म्हणे!

व्हिसाचं त्याला बरोबर माहीत आहे, कारण पगाराचा दाखला मीच त्याच्याकडे मागितला होता. बाबांचं गॅरेज डिसेंबरात बंद होतंय. त्यानंतर आई-बाबा दोघं माझ्या व्हिसावर राहणार. आई अल मजाजमधल्या आमच्या बिल्डिंगच्या सगळ्या लिफ्टमध्ये सांगत फिरलीय, “आता आम्ही लेकीच्या व्हिसावर!” माझी नोकरी गेली तर त्यांचं इथलं घर गेलं. तिकडे घर आहेच कुठे? सत्तावीस वर्षांत बांधलंच नाही. सगळं माझ्यावर लावलं.

मेट्रोत उभ्याने रडले. एका फिलिपिनो बाईने काही न बोलता टिश्यू दिला.

५ ऑक्टोबर, रविवार

घरी सांगितलं. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं, इंजिनाचा आवाज ऐकतात तसं, मान तिरकी करून.

“सही कर आणि मोकळी हो.”

मला वाटलं, चुकून बोलले. “बाबा, त्या माणसाचा पाय गेलाय.”

“तुझ्या सहीने परत येणार आहे का? तो बोसन कोण लागतो तुझा? आपण इथे पाहुणे. पाहुण्याने घरमालकाच्या भांडणात पडू नये.”

“हे भांडण त्यांचं नाही, माझं आहे!”

“मग ऐक. मीही केली होती अशी सही.”

सोळा वर्षांपूर्वी. गॅरेजात गाडी वर उचलणाऱ्या लिफ्टची अडकवायची खुंटी महिनाभर मोडलेली होती. गाडी वरून सुटली, एका पेंटरचा हात चिरडला. अपघाताच्या कागदावर लिहिलं होतं की त्याने खुंटी लावलीच नव्हती. बाबांनी साक्षीदार म्हणून सही केली. हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. आईचा चेहरा बघून कळलं की ती पहिल्यांदा ऐकत नव्हती.

मी म्हणाले, “कागद अरबीत असणार. तुम्हाला वाचता येत नव्हतं ना.” त्यांना वाट काढून देत होते मी!

बाबा भडकले. “मॅनेजरने हिंदीत समजावून सांगितला होता, शब्दन् शब्द. वाचता आलं असतं तरी केली असती. तू पाचवीत होतीस. तुझी शाळा होती. आणि काही झालं नाही!”

“कुणाला?”

“जेवून घ्या आधी,” आई म्हणाली.

कुणीच जेवलं नाही. हॉलमध्ये माझं पदवीचं सर्टिफिकेट आहे, सोनेरी चौकटीत. पाहुणे आले की आई त्यांना तिथेच बसवते. आज ते उतरवून कपाटामागे उलटं ठेवलं. आजवर वाटायचं, आमच्या घरात मी पहिली शिकले म्हणून मी वेगळी. वेगळी! त्या पेंटरच्या हातावर पाचवी पास झाले मी!

६ ऑक्टोबर, सोमवार

सरांशी दिवसभर बोलले नाही. त्यांनी टेबलावर चहा ठेवला, मी तो तसाच गार होऊ दिला.

दुपारी रामचंद्रची मेल. यावेळी सगळी मराठीत.

“मॅडम, विजयकुमार शुद्धीवर आहे. आम्हाला ओळखतो. बायकोला अजून त्याने पायाचं सांगितलेलं नाही, म्हणतो घरी गेल्यावर दिसेलच. कंपनीचे लोक म्हणतात, त्यानेच साखळदंड नीट आवळले नव्हते. मी स्वतः त्याच्याबरोबर फिरून तपासले होते. सातच्या वाऱ्याला पुरेसे होते, दहाच्या नाही. कॅप्टन म्हणतात, चौकोन हिरवा होता म्हणून निघालो, पिवळा असता तर एक दिवस थांबलो असतो, आणखी पट्टे घातले असते. विचारायचं एवढंच: आमच्यापर्यंत आलं नाही असं तुमच्याकडे काही होतं का? नसेल तर नाही म्हणा. मी पुन्हा विचारणार नाही.”

म्हणजे मी सही केली तर दोष कुणाचा ठरणार, ते ठरलेलंच आहे. वादळ संपलं होतं, चौकोन हिरवा होता, बोसनने गाठ नीट मारली नाही. खलास! एक पाय गेला, वर नावही जाणार.

कशफला वाचून दाखवलं. तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, “लॉग निकाल. हर शब्द का टाइम होता है उसमें. किसने लिखा, किसने मिटाया, सब.”

बरोबर आहे! लॉग! उद्या सगळं बाहेर काढते. सरांच्या नावासकट. “मी?” म्हणे! कळेल ना मग!

७ ऑक्टोबर, मंगळवार

लॉगची प्रत काढली. वाचली. आज काही लिहीत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

शेरा काढणाऱ्याच्या जागी लॉगमध्ये सरांचं नाव नाही. माझं आहे. दहा वाजून अठरा मिनिटं. “काढ,” ते म्हणाले हे खरं. बटण मी दाबलं. मला आठवत नव्हतं असंही नाही. तरी या वहीत लिहिलं ‘शेरा गेला’ — जसा काही स्वतःच्या पायांनी उठून गेला!

पहाटे निघताना बाबांना सांगितलं की काय लिहिणार आहे. त्यांनी चपला घातल्या आणि बसस्टॉपपर्यंत माझ्याबरोबर आले, मग बस येईपर्यंत उभे राहिले.

सात वाजून चाळीस मिनिटांनी उत्तर पाठवलं. विमा कंपनीला, प्रत रामचंद्रला, प्रत सरांना. मसुद्यातला शेरा आणि पूर्ण लॉग जोडलाय. उत्तरात सरांचं नाव एकदा आहे. माझं दोनदा.